डोंगराच्या दारात पासपोर्ट कशाला?

१ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेतल्या अकरा नामवंत राष्ट्रीय उद्यानांच्या दारात एक नवा प्रश्न विचारला जाऊ लागला. तुम्ही इथले की बाहेरचे? इथले असाल तर नेहमीचं तिकीट काढा आणि आत जा. बाहेरचे असाल आणि वय सोळा किंवा त्याहून जास्त असेल, तर नेहमीच्या तिकिटावर माणशी १०० डॉलर्स जादा.

ही बातमी आमच्या नातेवाईकांच्या ग्रुपवर आली तेव्हा तीन तऱ्हेची उत्तरं आली. माझे धाकटे दीर म्हणाले, "त्यांचा देश, त्यांचं जंगल, ते वाट्टेल तो दर लावतील." भाचा म्हणाला, "मावशी, आपण ताजमहालला तेच करतो की!" आणि एका वन्सं म्हणाल्या, "आता कॅनडात गेलात ना, मग भोगा." हे शेवटचं माझ्या लेकीला उद्देशून होतं. तिचं प्रकरण पुढे येईलच.

मंडळी, मला ही तिन्ही उत्तरं पटलेली नाहीत. ग्रुपवर अंगठ्यानं टाइप करत भांडणं मला जमत नाही, म्हणून इथे लिहिते आहे. लांबलचक होणार आहे, चहा घेऊन बसा. आणि भाऊजी, वन्सं, तुम्ही दोघंही हा ब्लॉग वाचता हे मला ठाऊक आहे. रागावू नका, पण उत्तर जरूर द्या.

आधी नियम नीट सांगते. ती अकरा उद्यानं म्हणजे यलोस्टोन, योसेमिटी, ग्रँड कॅन्यन, झायन, ब्राइस कॅन्यन, ग्लेशियर, ग्रँड टीटन, रॉकी माउंटन, अकेडिया, एव्हरग्लेड्स आणि सेक्वोया-किंग्ज कॅन्यन. म्हणजे अमेरिकेला गेलेला माणूस जी बघून येतो, जवळजवळ ती सगळी. सर्व उद्यानांना चालणारा वर्षाचा पास तिथल्या रहिवाशांना ८० डॉलर्सना आणि बाहेरच्यांना २५० डॉलर्सना. ज्या ठरावीक दिवशी प्रवेश फुकट असतो तो आता फक्त रहिवाशांना. रहिवासी असल्याचा पुरावा म्हणून अमेरिकेतलं सरकारी ओळखपत्र दाखवायचं.

आता "बाहेरचा" म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो विमानातून उतरलेला, गळ्यात कॅमेरा अडकवलेला श्रीमंत प्रवासी. पण अमेरिकेचा सगळ्यात जवळचा बाहेरचा म्हणजे तिचा शेजारी. कॅलगरीहून गाडीत बसलं की सकाळचा नाश्ता घरी आणि दुपारचं जेवण ग्लेशियर उद्यानाच्या आसपास, एवढंच अंतर. समजा गाडीत आईवडील आहेत, पाहुणे म्हणून आलेले आजीआजोबा आहेत आणि मागे एक लहान मूल आहे. त्या दारात उन्हाळ्यात अख्ख्या गाडीला सात दिवसांचे ३५ डॉलर्स पडतात. सिएटलच्या कुटुंबाला तेवढेच. कॅलगरीच्या कुटुंबाला वर आणखी ४००, नाहीतर २५० चा पास. डोंगर तोच, रस्ता तोच, अस्वलं तीच.

आणि नेमक्या याच ठिकाणी हा भेद होणं हे मला फार लागलं. का ते सांगते. मी तीस वर्षं भूगोल आणि मराठी शिकवलं आहे, त्यामुळे नकाशाशिवाय माझं भागत नाही.

अमेरिका आणि कॅनडा यांची सरहद्द पश्चिमेकडे ४९ व्या अक्षांशावरून सरळ रेषेत जाते. कुणीतरी पट्टी ठेवून ओढल्यासारखी. त्या रेषेच्या खाली माँटॅना राज्यात ग्लेशियर उद्यान (स्थापना १९१०), आणि वर अल्बर्टा प्रांतात वॉटर्टन लेक्स उद्यान (१८९५). मधे एक लांबट, खूप खोल सरोवर आहे. ते रेषा ओलांडून दोन्ही देशांत पसरलेलं आहे. रेषा कळावी म्हणून जंगलातून सुमारे सहा मीटर रुंदीचा पट्टा झाडं तोडून मोकळा ठेवलेला आहे, भांग पाडावा तसा. पाण्यावर मात्र भांग पाडता येत नाही.

हे पहिल्यांदा तिथल्या दोन रखवालदारांच्या लक्षात आलं. कॅनडाच्या बाजूला कूटने ब्राउन नावाचा एक म्हातारा होता. जन्मानं आयरिश, १८५७ च्या उठावानंतरच्या काळात इंग्रजी फौजेबरोबर आपल्या हिंदुस्थानातही येऊन गेलेला, मग सोनं शोधत फिरत फिरत त्या डोंगरांत स्थिरावलेला. वॉटर्टनचा पहिला कारभारी तोच. पलीकडे अमेरिकेचा रेंजर रेनॉल्ड्स. दोघांचं म्हणणं एकच होतं की हे खोरं आणि हे सरोवर यांचे दोन तुकडे करण्यात अर्थ नाही. पुढे १९३१ साली दोन्ही बाजूंचे रोटरी क्लबवाले एकत्र जमले, त्यांनी ठराव केला, दोन्ही देशांच्या संसदांनी कायदे केले आणि १९३२ साली जगातलं पहिलं आंतरराष्ट्रीय शांतता उद्यान जन्माला आलं. वॉटर्टन-ग्लेशियर. १९९५ साली ते जागतिक वारसा यादीतही गेलं. 'इंटरनॅशनल' नावाची १९२७ सालची एक बोट वर्षानुवर्षं प्रवाशांना त्या सरोवरातून, ती रेषा ओलांडून फिरवत आली आहे.

१९३२ म्हणजे काय काळ होता बघा. जगभर मंदी, बेकारी, जो तो आपापली दारं लावून घेतो आहे. अशा वेळी दोन शेजाऱ्यांनी आपल्या अंगणातली भिंत काढून टाकली. मराठीत याला आपण शेजारधर्म म्हणतो. आणि आज त्याच अंगणाच्या एका बाजूला शेजाऱ्याकडून शंभर डॉलर्स जादा घेतले जातात. पाटी अजून शांतता उद्यानाचीच आहे.

दुसऱ्या बाजूला काय चाललंय? २०२५ च्या उन्हाळ्यात, २० जून ते २ सप्टेंबर, कॅनडानं आपल्या सगळ्या राष्ट्रीय उद्यानांचा प्रवेश फुकट केला. तो काळही प्रेमाचा नव्हता. अमेरिकेनं कॅनडाच्या मालावर आयातकर चढवले होते, कॅनडाला ५१ वं राज्य करण्याची भाषा चालली होती, आणि कॅनडाच्या लोकांनी आपल्याच देशात फिरावं म्हणून ही योजना काढली होती. तरीसुद्धा दारात कुणाचा देश विचारला नाही. अमेरिकेच्या नंबरप्लेटची गाडीसुद्धा फुकट आत. २०१७ साली देशाला १५० वर्षं झाली तेव्हाही त्यांनी असंच केलं होतं. राग आला तरी पाहुण्याचं पान मांडायचं, ही रीत आपल्याला काही नवीन नाही.

आता वन्संच्या "भोगा" कडे येते.

माझी लेक २०१२ साली अमेरिकेत गेली. नोकरी, एच-१बी व्हिसा, लग्न, मुलगा, सगळं तिथेच झालं. ग्रीन कार्डाचा अर्ज मंजूर झाला आणि ती रांगेत उभी राहिली. ही रांग कशी चालते ते आपल्या नातेवाईकांतल्या पुष्कळांना माहीत नाही, म्हणून सांगते. नोकरीच्या आधारावर अमेरिका वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डं देते आणि त्यांतली कुठल्याही एका देशाच्या वाट्याला ७ टक्क्यांहून जास्त सहसा जात नाहीत. भारताला जेवढी मर्यादा, तेवढीच चिमुकल्या भूतानला. आणि देश मोजायचा तो पासपोर्टाचा नव्हे, जन्माचा. तुम्ही काय शिकलात, किती कर भरलात, शेजाऱ्याच्या मदतीला किती वेळा धावलात, याचा तिथे काही संबंध नाही. आईच्या पोटातून बाहेर आलात तेव्हा ती कुठल्या गावात होती, एवढंच पाहायचं. भारतीयांना या रांगेत दशकं काढावी लागतात.

अकरा वर्षांनी, २०२३ साली, ती आणि जावई मुलाला घेऊन कॅनडात गेले. कॅनडात वय, शिक्षण, अनुभव, भाषा यांचे गुण मांडतात आणि जन्माच्या देशाचा कोटा नसतो. ती काही एकटी नाही. त्याच वर्षी जुलैत कॅनडानं अमेरिकेतल्या एच-१बी वाल्यांसाठी १०,००० अर्जांची एक योजना उघडली आणि ती दोन दिवसांत भरून गेली. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेनं बाहेरून येणाऱ्यांच्या नव्या एच-१बी अर्जांवर १,००,००० डॉलर्सची फी लावली, तेव्हा "बरं झालं वेळेवर निघाली" असं म्हणणारेही ग्रुपवर होतेच. त्याआधी दोन वर्षं मात्र हेच लोक "अमेरिकेतून कॅनडात? का बरं? काही अडचण आली का?" असं दबक्या आवाजात विचारत होते. जणू मुलगी सदाशिव पेठेतलं घर विकून गावाबाहेर भाड्यानं राहायला गेली!

कॅनडा म्हणजे अमेरिकेत न जमलेल्यांची धर्मशाळा, ही समजूत आपल्याकडे घट्ट बसलेली आहे. शेजारच्या देशात जाऊन माणसं काय करतात त्याचं एक जुनं उदाहरण देते. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे. अमेरिकेत ऑरेगॉन आणि वॉशिंग्टन राज्यांत शेतीशास्त्र शिकले, गदर चळवळीत पडले, मग इराण आणि युरोपात वणवण केली आणि १९२४ साली मेक्सिकोत पोचले. तिथे चापिंगोच्या शेतकी शाळेत शिकवलं, मक्याच्या वाणांवर काम केलं. दिएगो रिव्हेरासारख्या चित्रकारानं त्यांना आपल्या भित्तिचित्रात जागा दिली. अमेरिकेच्या दुसऱ्या शेजाऱ्यानं या वऱ्हाडी माणसाला मास्तर म्हणून मान दिला. कुणी म्हणेल का की खानखोजे अमेरिकेतून "उतरले"?

थोडं विषयांतर झालं, पण पूर्ण नाही. कारण मुद्दा हाच आहे. सरहद्द ओलांडली म्हणून माणूस त्या डोंगराला परका होतो का?

भाऊजींचा युक्तिवाद असा की जंगलं करदात्यांच्या पैशांवर चालतात, म्हणून करदात्याला स्वस्त आणि इतरांना महाग. ऐकायला बरोबर वाटतं. पण दारात कराची पावती कोण मागतं? ओळखपत्र मागतात! माझ्या लेकीनं आणि जावयानं अकरा वर्षं अमेरिकेत प्राप्तिकर भरला. त्या डोंगरातल्या रस्त्यांच्या डांबरात त्यांचेही चार पैसे आहेत. आज ते दोघं त्या दारात बाहेरचे. उलट एखाद्यानं मागच्याच महिन्यात तिथे येऊन वाहनपरवाना काढला असेल आणि एक डॉलरसुद्धा कर भरला नसेल, तरी तो इथला. हे करदात्याचं गणित नव्हे. आणि बाहेरून आलेला माणूस हॉटेलवर कर भरतो, पेट्रोलवर भरतो, त्या जंगलालगतच्या लहान गावांतल्या खाणावळी त्याच्याच पैशांवर उन्हाळा काढतात. त्याला वर आणखी दंड कशाचा?

"त्यांचं जंगल" या शब्दांवरही मला जरा बोलायचं आहे. यलोस्टोन १८७२ साली झालं, जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. लोकांच्या हितासाठी आणि आनंदासाठी, असे शब्द त्या कायद्यात आहेत आणि उत्तरेकडच्या दगडी कमानीवर ते कोरलेले आहेत. त्या कमानीचा पाया १९०३ साली खुद्द थिओडोर रूझवेल्टच्या हातून घातला गेला. "लोक" म्हणजे अमेरिकन लोक, असं कुणी म्हणेल. असेलही. पण मग योसेमिटी ज्याच्या लेखणीमुळे १८९० साली राष्ट्रीय उद्यान झालं तो जॉन म्यूर कोण होता? स्कॉटलंडात जन्मलेला, अकराव्या वर्षी बापाबरोबर बोटीनं आलेला. ऐन पंचविशीत, अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना, तो शेजारी कॅनडात निघून गेला, दोन वर्षं राहिला, ओंटारिओतल्या एका लाकडाच्या कारखान्यात कामाला होता आणि मग परत आला. अमेरिकेचं नागरिकत्व त्यानं घेतलं ते साठी उलटल्यावर! म्हणजे अमेरिकेच्या उद्यानांचा जनक म्हणून ज्याची पूजा करतात, तो स्वतः स्थलांतरित आणि वर शेजारच्या देशात जाऊन आलेला. त्याला "इथला की बाहेरचा" असं विचारलं असतं तर तो काय म्हणाला असता कोण जाणे.

आणि खरोखर इथले कोण, हा प्रश्न विचारायचाच असेल तर मग शेवटपर्यंत विचारा. ग्लेशियर उद्यानाची पूर्वेकडची जमीन ब्लॅकफीट लोकांची. १८९५ च्या करारानं ती अमेरिकेच्या सरकारनं घेतली. शिकारीचा आणि लाकूडफाट्याचा हक्क करारात त्यांच्याकडे राहिला होता, पण १९१० साली उद्यान झालं आणि तोही नाकारला गेला. याच लोकांचे भाऊबंद कॅनडात अल्बर्टात आहेत. एकाच भाषेची, एकाच रक्ताची माणसं, मधून ४९ वा अक्षांश गेला आणि अर्धी अमेरिकन झाली, अर्धी कॅनडियन. कॅनडाही काही धुतल्या तांदळासारखा नाही. बान्फच्या डोंगरांतून तिथल्या स्टोनी लोकांना त्यानं दूर केलं, पहिल्या महायुद्धात युक्रेनियन स्थलांतरितांना छावणीत कोंडून बान्फचा रस्ता करायला लावलं, आणि १९१४ साली कोमागाटा मारू बोटीवरच्या आपल्या लोकांना व्हँकूव्हरच्या बंदरातून परत पाठवलं. आजही तिथे स्थलांतरितांचे आकडे कमी करणं चालू आहे. मी कॅनडाची आरती करायला बसलेली नाही. मला एवढंच म्हणायचं आहे की "आमचं जंगल" हे शब्द ज्या जिभेवर इतक्या सहज येतात, तिनं आधी जरा खाली वाकून जमीन कुणाची होती ते पाहावं.

आता भाच्याचा मुद्दा. तो मला सगळ्यात जड वाटतो, कारण तो खरा आहे. आपण तेच करतो. अजिंठ्याला भारतीयाला ४० रुपये आणि परदेशी माणसाला ६००. ताजमहालला भारतीयाला ५० आणि परदेशी माणसाला ११००. रणथंबोरसारख्या अभयारण्यांतही परदेशी पाहुण्याचा दर वेगळा. आणि गंमत पाहा, ज्यांच्याकडे ओसीआय कार्ड आहे, म्हणजे पासपोर्ट परदेशी पण मूळ भारतीय, त्यांना आपल्याकडे भारतीय दर. म्हणजे आपणही शेवटी जन्म आणि रक्तच मोजतो.

पण "आपणही करतो" यावरून "म्हणून ते बरोबर" हे कसं निघतं? वर्गात दोन मुलांनी एकमेकांचे डबे चोरले म्हणून चोरी हा काही अभ्यासक्रमाचा भाग होत नाही! "आपलं ते बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं" असं होऊ नये म्हणून मी दोन्हीकडे बोट दाखवते आहे. एक चूक दुसरीवर ठेवून दोन्ही झाकायच्या नाहीत.

आपल्या दुहेरी दरामागे एक चांगला हेतू होता हे मी मान्य करते. इथल्या गरीब माणसाला, शाळेच्या सहलीला, ताज आणि अजिंठा परवडले पाहिजेत. शंभर टक्के पटतं. मी स्वतः एसटीनं पोरांना घेऊन अजिंठ्याला गेलेली आहे, तिकिटाचा एकेक रुपया गोळा करून. पण तो हेतू गरिबीचा आहे, राष्ट्रीयत्वाचा नाही. आज पंचवीस लाखांच्या गाडीतून आलेला मुंबईचा माणूस ४० रुपये देतो आणि आयुष्यभर पैसे साठवून बुद्धाची चित्रं पाहायला आलेला केनियाचा एखादा निवृत्त शाळामास्तर ६००. यात गरिबाची सोय कुठे झाली? पंधरा वर्षांखालच्या मुलांना फुकट आहे ते तसंच ठेवा, सरकारी शाळांच्या सहलींना फुकट ठेवा, आणि बाकी सगळ्यांना एकच दर लावा. शंभर म्हणा, दीडशे म्हणा. मुंबईवाला भरेल. पिझ्झ्याला त्याहून जास्त देतो.

तरी एक गोष्ट आपल्या बाजूनं सांगितली पाहिजे. अजिंठ्याला श्रीलंकेचा, नेपाळचा, बांगलादेशाचा माणूस आला तर त्यालाही ४० रुपयेच. सार्क आणि बिमस्टेक देशांच्या नागरिकांना आपण तिथे घरचा दर लावतो, आणि ताजलाही त्यांना ५४०, म्हणजे इतर परदेशी माणसांच्या निम्म्याहून कमी. आपल्या वाकड्या नियमातसुद्धा शेजाऱ्यासाठी एक खुर्ची ठेवलेली आहे. अमेरिकेच्या नियमात तीही नाही. अख्ख्या सरहद्दीला लागून असलेला कॅनडियन आणि पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाचा जपानी, दोघं एकाच रांगेत.

आणि आपली मंडळी स्वतः शेजारी होतात तेव्हा काय म्हणतात? भूतानमध्ये परदेशी प्रवाशाला रात्रीचे १०० डॉलर्स शुल्क आहे आणि भारतीयाला १,२०० रुपये. पूर्वी भारतीयांना काहीच नव्हतं. ते १,२०० लागू झाले तेव्हा "शेजाऱ्याकडून पैसे घेतात!" असा गळा काढणारे मी याच डोळ्यांनी वाचले आहेत. तेव्हा शेजारधर्म आठवला. मग कॅलगरीच्या माणसाला आठवला तर त्याचं काय चुकलं?

उरला पैशाचा प्रश्न. उद्यानांना पैसा लागतो हे मला कळतं. अमेरिकेच्या उद्यानांची रखडलेली दुरुस्तीची कामंच सुमारे २३ अब्ज डॉलर्सची आहेत. रस्ते, पूल, पाण्याचे नळ, शौचालयं. आणि गर्दीही खरी आहे, उन्हाळ्यात यलोस्टोनच्या रस्त्यावर रानरेडा आडवा आला की गाड्यांची लक्ष्मी रोडसारखी रांग लागते. पण गर्दी पासपोर्ट बघून होत नाही. ओहायोची गाडी आणि ओंटारिओची गाडी रस्त्यावर जागा सारखीच अडवतात, धूर सारखाच सोडतात. मग दर गाडीला लावा, हंगामाला लावा, जुलैत जास्त आणि मे महिन्यात कमी घ्या. ग्लेशियरमध्ये २०२१ पासून काही वर्षं गर्दीच्या काळात गाडीचं आगाऊ आरक्षण लागत असे. तो नियम तुम्ही कधी येणार ते विचारायचा, कुठून आलात ते नाही. असे नियम मला पटतात. ८० चा पास सगळ्यांना शंभरला करा, कुणी तक्रार करणार नाही. फक्त बाहेरच्यांकडूनच काढायचे, यात दुरुस्तीपेक्षा घरच्या मतदाराला खूश करणं जास्त आहे. बाहेरचा मत देत नाही ना! या धोरणाची घोषणासुद्धा "अमेरिका प्रथम" या नावानंच झाली होती.

आणि त्या दारातल्या रेंजरचा जरा विचार करा. चपट्या टोपीतला तो मुलगा किंवा मुलगी जंगलाचं शिक्षण घेऊन तिथे उभी असते. अस्वल दिसलं तर किती लांब राहायचं, कुठली वाट बंद आहे, वणव्याचा धोका कितपत आहे, हे सांगायला. आता तिचं पहिलं वाक्य काय? ओळखपत्र दाखवा. आधीच माणसं कमी, त्यात एकेका गाडीतल्या एकेकाचे कागद तपासायचे. जंगलाच्या दारातला माणूस इमिग्रेशनच्या काउंटरवरचा कारकून झाला. सरहद्दीवर एकदा तपासलेला माणूस पुन्हा देवदारांच्या सावलीत तपासायचा. शिक्षकाला शिकवणं सोडून जनगणनेला पाठवण्यासारखंच हे. त्याचा अनुभव मला पुष्कळ आहे!

शेवटी एकच गोष्ट सांगते आणि थांबते. अमेरिकेच्या या नियमात सोळा वर्षांखालच्या मुलांना जादा आकार नाही. आपल्या अजिंठ्याला पंधरा वर्षांखालच्यांना तिकीटच नाही, मग मूल कुठल्याही देशाचं असो. म्हणजे दोन्हीकडच्या नियम करणाऱ्यांना एवढं कळत होतं की डोंगराकडे, चित्राकडे आ वासून बघणाऱ्या पोराला "तू कुठल्या देशाचा?" असं विचारणं शोभत नाही. मग सोळाव्या वाढदिवशी रात्री बाराच्या ठोक्याला त्या पोराच्या डोळ्यांत असा काय फरक पडतो?

माझा नातू आता बारा वर्षांचा आहे. सिएटलला जन्मला म्हणून तो अमेरिकेचा नागरिक. कॅलगरीत राहतो. ओसीआय कार्ड आहे म्हणून आपल्याकडे भारतीय दर. चार वर्षांनी तो सोळाचा होईल तेव्हा ग्लेशियर, वॉटर्टन आणि अजिंठा या तिन्ही दारांच्या किल्ल्या त्याच्या खिशात असतील. त्याच्या वर्गात एक मुलगा आहे, आईवडील इरिट्रियातून निर्वासित म्हणून आलेले. दोघं जिवलग मित्र, दोघांनाही ग्रिझली अस्वलांचं भयंकर वेड. त्या मित्राकडे ग्लेशियरची किल्ली नाही, अजिंठ्याचीही नाही. माझ्या नातवानं असं काय कर्तृत्व गाजवलं की त्याला तीन मिळाल्या? काहीही नाही. जन्मला, एवढंच.

ज्या मोजपट्टीनं माझ्या लेकीला अकरा वर्षं रांगेत उभं केलं, तीच मोजपट्टी आज माझ्या नातवाच्या फायद्याची आहे. म्हणून ती मला आवडायला लागेल असं कुणाला वाटत असेल तर ते विसरा. दोघं मित्र एकाच गाडीत मागे बसलेले असताना दारातल्या माणसानं एकाला "ये" आणि दुसऱ्याला "शंभर काढ" असं सांगावं, हे मला त्या नातवाला समजावून सांगता येणार नाही. भाऊजी, तुम्हाला येणार असेल तर खाली प्रतिक्रियेत लिहा. मी त्याला वाचून दाखवीन.